‘हॅव’ची उकल

इंग्रजी बऱ्यापैकी वाचता येऊ लागल्यावरही ‘हॅव’ या क्रियापदापाशी मी अडखळत असे, आणि मराठीत त्याला एकच एक प्रतिशब्द नाही हे त्यामागचे कारण मला फार उशिरा उमगले. आपण ‘मला दोन भाऊ आहेत’, ‘माझ्याकडे छत्री आहे’, ‘तिला ताप आहे’, ‘त्याच्यात धमक आहे’ असे म्हणतो; म्हणजे नाते, वस्तू, आजार आणि गुण यांनुसार ‘मला’चे ‘माझ्याकडे’ होते, पण क्रियापद ‘असणे’ हेच राहते. इंग्रजीत या चारही ठिकाणी ‘हॅव’ किंवा ‘हॅज’ चालते.

‘आय ॲम हॅविंग टू ब्रदर्स’ हे माझे वाक्य वाचून शिक्षिकांनी विचारले, “भाऊ असणे ही आत्ता चालू असलेली क्रिया आहे का?” नाते किंवा मालकी ही स्थिती असल्यामुळे तिथे प्रमाण इंग्रजीत चालू काळ वापरत नाहीत, जेवणे ही मात्र क्रिया, म्हणून ‘आय ॲम हॅविंग लंच’ बरोबर. हा भेद मला अतिशय सुंदर वाटतो.

त्यानंतर मी एक वही केली आणि वाचनात ‘हॅव’ आले की त्याच्या पुढे काय येते एवढेच टिपू लागलो. पुढे ‘टू’ आणि मूळ क्रियापद आले, तर बहुधा आपले ‘लागणे’: ‘आय हॅव टू गो’ म्हणजे ‘मला जावे लागेल’. लगेच क्रियापदाचे तिसरे रूप आले, तर ‘हॅव’ केवळ साहाय्यक. ‘शी हॅड हॅड लंच’ हे वाक्य मला छपाईची चूक वाटले होते. त्यातला पहिला ‘हॅड’ काळ दाखवतो आणि जेवण्याचा अर्थ दुसऱ्यात आहे, हे कळल्यावर ‘ती जेवली होती’ हा साधा अर्थ समोर आला.

सर्वांत जास्त दिवस घेतले ते शब्दांच्या क्रमाने. ‘आय हॅड कट माय हेअर’ म्हणजे मी स्वतःच केस कापले होते, तर ‘आय हॅड माय हेअर कट’ म्हणजे मी ते कोणाकडून तरी कापून घेतले. शब्द तेच, पण ‘कट’ केसांच्या मागे गेला की कापणारा हात बदलतो; आणि मराठीत तेच काम ‘घेतले’ करते.