चुकीच्या रांगेत

चर्चमध्ये सगळे उभे राहिले की उभं राहायचं, बसले की बसायचं, गुडघे टेकले की टेकायचे, नाही जमलं तर नुसतं पुढे वाकायचं. एवढं मैत्रिणीने आदल्या रात्री शिकवून ठेवलं होतं. त्यात एक अपवाद होता. तो सांगायचा राहून गेला.

शनिवार वसईच्या किल्ल्यात गेला. चिमाजी अप्पांनी १७३९ मध्ये तो जिंकला. आता तो प्री-वेडिंगवाल्यांनी जिंकलाय. पडक्या चर्चच्या एकेका कमानीखाली एकेक जोडपं, डोक्यावर ड्रोनची घरघर. तासाभरात कंटाळून निघाले. नालासोपाऱ्याहून पश्चिमेला शेअर रिक्षा. गावाचं नाव लिहीत नाही. निर्मळ, नंदाखाल, आगाशी या पट्ट्यातलं आहे इतकं पुरे. नाव घेतलं तर 'तीच ती' म्हणून तिथली मंडळी मला लगेच ओळखतील.

मी गेले होते काकांच्या वर्षाच्या मिस्सेला, म्हणजे ते गेल्याला वर्ष झालं म्हणून चर्चमध्ये होणाऱ्या उपासनेला. काका म्हणजे मैत्रिणीचे वडील. कॉलेजच्या दिवसांत ते आमच्या होस्टेलवर यायचे, खांद्यावर केळ्यांचा घड आणि पिशवीत वाडीतली भाजी. वॉर्डनला अर्धा डझन केळी दिली की आमच्या सगळ्या उशिरांना माफी.

रविवारी सकाळी साडेसहाची मिस्सा. नोव्हेंबरचा महिना, हवेत किंचित गारवा. साडेसहाला चर्च भरलेलं पाहून मला स्वतःचीच लाज वाटली, कारण आमच्या कॉलनीतल्या काकड आरतीला मी आयुष्यात दोनदा गेले असेन. पुढच्या बाकांवर लाल लुगड्यातल्या म्हाताऱ्या, मागे जीन्समधली पोरं, दाराशी उभे राहणारे पुरुष. दाराशी उभं राहणारे पुरुष सगळ्या धर्मांत असतात. सुरुवातीला ज्यांच्यासाठी ती मिस्सा मागितलेली, त्यांची नावं वाचली. काकांचं नाव तिसरं आलं.

सगळं मराठीत. साठच्या दशकातल्या व्हॅटिकन परिषदेनंतर लोकभाषेत उपासना आली, त्याआधी लॅटिन. काकूंना लहानपणीचं लॅटिन अजून पाठ आहे, अर्थ तेव्हाही कळत नव्हता म्हणाल्या. घरात मात्र त्या कादोडी ही इथली बोली बोलतात. मला त्यातलं निम्मं कळतं आणि उरलेल्या निम्म्यात माझ्याबद्दल काहीतरी असतं. हीच बोली इथले सामवेदी ब्राह्मणही बोलतात. कुपारी हे काकूंच्या ख्रिस्ती समाजाचं नाव पोर्तुगीज 'कॉम्पाद्रे'वरून आलं असं म्हणतात. बाप्तिस्म्याच्या वेळी धर्मपिता होऊन जुळलेलं ते नातं. सबंध समाज एकमेकांचा व्याही-सोयरा असल्याची खूण नावातच.

मैत्रीण गायकवृंदात, वर माडीवर. मी काकूंच्या शेजारी. प्रवचन झालं, घंटा वाजली, एकेक बाक रिकामा होऊन माणसं रांगेने पुढे निघाली. आमचा बाक उठला. मीही उठले. सगळे उठले की उठायचं!

वेदीपासून चार माणसांवर आले तेव्हा मागून एका आजीने माझं कोपर धरलं. "तू आमच्यातली नाहीस ना, बाय?" हळूच, पण पुढच्या दोन्ही बाकांना ऐकू जाईल इतकं हळू. हा कम्युनियनचा प्रसाद, तो बाप्तिस्मा झालेल्या कॅथलिकांनीच घ्यायचा. मागे वळायला जागा नाही, पुढे जाण्याचा हक्क नाही. आजींनीच मार्ग काढला: "हात छातीवर असे दुमडून जा. फादरांना कळतं." मी दुमडले. फादरांनी क्षणभर पाहिलं, डोक्यावर हात ठेवून आशीर्वाद दिला आणि पुढच्या माणसाकडे वळले. मला उगाचच रडू आलं. काकांची आठवण की नामुष्की, सांगता येणार नाही.

शेवटी सूचना. खरं सांगते, प्रवचनापेक्षा मला सूचना आवडल्या. अमक्या मुलाचं तमक्या मुलीशी लग्न ठरलंय, कुणाला काही अडचण ठाऊक असेल तर कळवावी. रक्तदान शिबिर. एका घराची चावी सापडली आहे. आणि बावखल साफ करायला तरुणांनी घमेली घेऊन यावं. बावखल म्हणजे वाड्यांमधली गोड्या पाण्याची तळी. त्यांच्यावर इथली केळी, पानवेली आणि फुलं जगली. आता बरीच भराव टाकून बुजली, विहिरींना खारं पाणी लागू लागलं. हे वेदीजवळच्या माइकवरून ऐकताना मला नवल वाटलं, त्यांना नाही. नंदाखालचेच फादर फ्रान्सिस दिब्रिटो हरित वसई संरक्षण समितीतून पाणी आणि जमिनीसाठी लढले, आणि २०२० मध्ये उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्षही झाले. घराच्या कर्जाचा विषय निघाला तर काकूंनी पापडीच्या कॅथॉलिक बँकेकडे बोट दाखवलं. तीही मॉन्सिनियर पी. जे. मोनीस या धर्मगुरूंनी १९१८ मध्ये काढलेली.

मिस्सा सुटल्यावर मात्र पळून जावंसं वाटलं. आवारात चहा होता आणि चहाबरोबर मी. "रांगेत गेलेली पाहुणी ती हीच?" असं मला न विचारता माझ्यादेखत काकूंना विचारलं जात होतं. एका बाईंनी समजूत घातली, त्यांच्या सुनेचे आईवडील लग्नात असेच उभे राहिले होते. दुसरीने हातावर सुकेळी, म्हणजे सुकवलेली केळी ठेवली. निर्मळच्या जत्रेत मिळते त्याहून ही चांगली, घरच्या राजेळी केळ्यांची, असंही बजावलं. मी तीन खाल्ल्या. एरवी अनोळखी माणसांत मी अवघडते, पण ज्यांनी तुमची फजिती पाहिली ते अनोळखी राहत नाहीत.

मग आम्ही दफनभूमीत गेलो. २ तारखेच्या मृतांच्या दिवसाचे हार अजून कबरींवर सुकून पडले होते. काकूंनी ते उचलले, वाडीतला ताजा झेंडू मांडला. मी मेणबत्ती लावताना वाऱ्याने तीनदा विझवली, चौथ्यांदा मेण बोटावर सांडलं. काकू खाली वाकून कादोडीत बराच वेळ बोलत होत्या, मध्येच हसल्याही. मैत्रीण माझ्याकडे बघेना.

"काय म्हणतायत?" मी विचारलं.

"बाबांना सांगतेय," ती म्हणाली, "तू सकाळी काय केलंस ते."