क्रोम पुन्हा चढवायचे की भागच बदलायचा?

जुनी गाडी पूर्ववत करायला घेतली की इंजिन आणि पत्र्याच्या कामाचा हिशेब आधी मांडला जातो. बंपर, ग्रिल, दारांच्या मुठी, हेडलाइटच्या रिंगा आणि बाजूच्या पट्ट्या या चकाकणाऱ्या भागांचा विचार मात्र रंगकाम उरकल्यावर सुरू होतो. माझ्या मते हा क्रम उलटा असायला हवा, कारण नवी पट्टी जुन्या छिद्रांवर बसत नसेल तर ते रंगापूर्वी कळलेले बरे. सध्या माझ्याकडे फियाट ११०० डिलाइटचे काम चालू आहे. १९६४ पासून कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यात तयार होऊ लागलेली आणि पुढे पद्मिनी या नावाने मुंबईत काळी-पिवळी म्हणून वर्षानुवर्षे धावलेली हीच ती गाडी. तिचा एकेक भाग सोडवताना पडलेला प्रश्न येथे सविस्तर मांडतो आहे.

जुन्याला पुन्हा क्रोम चढवावे की नवा भाग घ्यावा, याचे उत्तर संपूर्ण गाडीसाठी एकच असू शकत नाही; ते प्रत्येक भागाखालच्या धातूवर ठरते. बंपर पोलादी पत्र्याचा असतो. दारांच्या मुठी, चिन्हे आणि अक्षरे त्या काळी बहुधा जस्ताच्या मिश्रधातूत ओतलेली असत, तर लांब पट्ट्या अनेकदा स्टेनलेस स्टीलच्या किंवा ॲल्युमिनियमच्या असत आणि त्यांवर क्रोम नसतेच. लोहचुंबक लावून पाहणे ही पहिली चाचणी खरी, पण तेवढ्यावर विसंबू नये, कारण स्टेनलेसच्या काही जातींना चुंबक चिकटतो आणि काहींना चिकटत नाही. भाग उलटा करून मागच्या, न दिसणाऱ्या बाजूला बारीकसा ओरखडा काढला, तर पितळ पिवळे दिसते आणि जस्त मळकट करडे. स्टेनलेसची पट्टी निघाली तर नशीब समजावे. तिचे पोचे मागून हळूहळू ठोकून काढता येतात आणि नंतर बारीक पॉलिश पेपर व बफ, म्हणजे चकाकी आणणारे कापडी चाक, एवढ्यात ती उजळते. तांब्या-पितळेची भांडी ठोकून घडवण्यासाठी नावाजलेल्या आपल्या नाशिकमध्ये असा हलका हात असलेला कारागीर शोधणे फार अवघड नसावे.

आपण ज्याला क्रोमची चकाकी म्हणतो, ती मुख्यतः त्याखालच्या निकेलची असते. सजावटीच्या कामात क्रोमचा थर साधारण पाव ते अर्धा मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) एवढाच असतो, निकेलचा थर त्याच्या कित्येक पट जाड असतो आणि चांगल्या कामात त्याखाली तांबेही असते. क्रोम निळसर छटा आणि कठीणपणा देते, पण त्याला सूक्ष्म भेगा असतात. त्यांतून आणि निकेलमधल्या छिद्रांतून ओल आत शिरली की पोलाद गंजते आणि वर तांबूस ठिपके उमटतात. म्हणून ठिपके दिसताच घाबरून भाग भंगारात टाकू नये. ॲल्युमिनियम फॉइलचा बोळा पाण्यात भिजवून हलक्या हाताने फिरवला तर वरवरचा गंज निघतो आणि खरे नुकसान किती आहे ते कळते. तांब्या-पितळेच्या भांड्यांची पावडर मात्र वापरू नये, कारण तिच्या खरखरीने आधीच पातळ असलेला थर आणखी झिजतो. क्रोम झिजून पिवळसर निकेल उघडे पडले असेल, तर तो गंज नव्हे, हेही लक्षात घ्यावे.

सातपूर आणि अंबडच्या औद्योगिक वसाहतींमुळे नाशिकला प्लेटिंग, म्हणजे धातूवर दुसऱ्या धातूचा थर चढवण्याचे काम, करणारे मिळतात, परंतु त्यांचा धंदा कारखान्यांच्या मोठ्या लॉटवर चालतो आणि एकुलता एक बंपर घेऊन गेलेल्या माणसाकडे ते जरा संशयानेच पाहतात. त्यांतल्या एका कारागिराने मला नेमके सांगितले, “साहेब, क्रोमला वेळ लागत नाही, वेळ खातं ते बफिंग.” जुना थर उतरवणे, पोचे काढणे, घासणे, तांबे चढवून पुन्हा घासणे आणि मग निकेल, अशी ही साखळी असून क्रोमच्या टाकीत भाग काही मिनिटेच राहतो. त्यामुळे दर फारच कमी सांगितला गेला, तर यातली कोणती पायरी गाळणार आहात हे विचारून घ्यावे. क्रोमच्या टाकीत सहसा असणारे षट्संयुजी (हेक्झाव्हॅलंट) क्रोमियम कर्करोगकारक आहे आणि जस्तावर तांब्याचा पहिला थर चढवताना अनेक ठिकाणी सायनाइडची टाकी वापरतात, तेव्हा हे घरच्या अंगणात करण्याचे काम नव्हे आणि प्रदूषण नियंत्रण मंडळाची संमती नसलेल्या ठिकाणी ते देऊही नये.

जस्ताच्या ओतीव भागांची कथा वेगळी आहे. त्यांवर फोड येतात, फोडाखाली खड्डा असतो, आणि जुना थर उतरवताना तो खड्डा आणखी खोल जाण्याची भीती असते. खड्डे तांब्याने भरून काढता येतात, पण मजुरी नव्या भागाच्या किमतीपेक्षा सहज वर जाते. शिवाय बफचे चाक जरा जोरात लागले की अक्षरांच्या कडा गोल होतात आणि मधली खाच बुजते; असे घासून गुळगुळीत झालेले नाव गाडीवर पाहिले की मला चुकचुकल्यासारखे होते. येथे मी भाग बदलण्याच्या बाजूने आहे, मात्र डुप्लिकेट घेण्याआधी मुंबईच्या चोर बाजारात आणि कुर्ल्याच्या जुन्या मालाच्या दुकानांत मूळचाच, कमी सडलेला भाग मिळतो का ते पाहावे आणि त्यालाच क्रोम करून घ्यावे.

बंपरच्या बाबतीत माझे मत याच्या नेमके उलट आहे. मूळच्या बंपरचा पत्रा आरपार सडलेला नसेल, तर तोच ठेवावा. बाजारातला नवा बंपर बहुधा पातळ पत्र्याचा असतो, त्याची गोलाई गाडीच्या अंगाशी जुळत नाही, आणि छिद्रे जुळवण्यासाठी त्यावर ड्रिल चालवले की नेमक्या त्या कडेला क्रोम उडून गंज सुरू होतो. नवाच घ्यायचा असेल, तर शक्य तेथे क्रोम न केलेला आणावा, गाडीवर बसवून पाहावा आणि मगच प्लेटिंगला द्यावा.

प्लेटिंगला देताना प्रत्येक भागाचे दोन्ही बाजूंनी फोटो काढावेत, पुठ्ठ्यावर गोलाई उतरवून घ्यावी आणि लहान तुकडे तारेत ओवून मोजून द्यावेत, कारण टाकीच्या तळाशी गेलेली रिंग सहसा परत येत नाही. काम परत आल्यावर बंपरची मागची बाजू आवर्जून पाहावी. खोलगट जागी क्रोम नीट पोहोचत नसल्याने गंजाची सुरुवात तेथूनच होते. म्हणून मी त्या बाजूला जस्तयुक्त प्रायमर आणि त्यावर रंगाचे दोन हात देतो, ते वाळल्यावरच ब्रॅकेट लावतो आणि नट-बोल्ट नवे वापरतो.