निम्मा भूकंप

पहाटे कोयनेकडचा धक्का आला तेव्हा ड्यूटीवर मीच होतो. आमच्या वेधशाळेत त्या काळी ड्रमवरच्या कागदावर शाईचं पेन चालायचं. लोकांना वाटतं, यंत्रच आकडा सांगतं. आकडा आम्ही काढतो. पहिली लहर आणि दुसरी लहर यांच्यात आठ सेकंद भरले, म्हणजे केंद्र साधारण ६४ किलोमीटरवर. मग भिंग धरून सगळ्यात उंच टोक मधल्या रेषेपासून मोजलं: तीन मिलिमीटर. त्याचा लॉगरिदम घेतला, म्हणजे दहाचा कितवा घात ते; लांबून येताना लहर क्षीण होते म्हणून अंतराची दुरुस्ती मिळवली. ३.३. टोक मोजताना अर्धा मिलिमीटर चुकला तरी आकडा ०.१ने सुद्धा हलत नाही. रिश्टरने १९३५ साली बसवलेल्या या मोजणीचं मला आजही कौतुक वाटतं.

सकाळी एका वार्ताहराला आकडा दिला. दुसऱ्या दिवशी छापून आलं: '१९६७च्या निम्म्या तीव्रतेचा धक्का'. तेव्हाचा कोयनेचा मोठा भूकंप ६.३, आत्ताचा ३.३, झालं निम्मं! शिवाय तीव्रता म्हणजे गावोगावी हादरा किती जाणवला ते. आमचा आकडा परिमाणाचा, म्हणजे भूकंप मुळात केवढा ते. वर्षानुवर्षं सांगतोय, कुणी ऐकत नाही.

संध्याकाळी पाटण तालुक्यातून आत्याचा फोन आला. ११ डिसेंबर १९६७ला ती दहा वर्षांची होती. "बाळा, निम्मा आला म्हंत्यात. मग ऱ्हायलेला निम्मा कवा येणार?" ती अंगणात झोपत होती.

रविवारी पट्टी घेऊन गेलो. म्हटलं, "आत्या, परवाची रेघ एवढी, तीन मिलिमीटर. सदुसष्टची याच कागदावर काढायची तर तीन मीटर लागतील. तुझ्या आढ्यापर्यंत." एक अंक वाढला की रेघ दहापट, तीन अंक वाढले की हजारपट. तिचा चेहरा सैल झाला.

मग म्हणाली, "बारकं बारकं येत्यात ते बरंच की. जमिनीतला जोर निघून जातोय."

इथं मी अडकलो. रेघ हजारपट, पण ऊर्जा एका अंकाला सुमारे ३२पट, तीन अंकांना ३२ हजारपट. सदुसष्टएवढा जोर बारक्या धक्क्यांनी निघायचा तर परवासारखे ३२ हजार धक्के लागतील. ज्या हिशेबाने तिची भीती घालवली, त्यानेच तिचा दिलासाही जात होता. गप्प बसणं सोपं होतं. पण खोटं मला सांगवेना. सांगितलं.

ती बराच वेळ पट्टीकडे बघत राहिली. रात्री अंथरूण आत घेतलं, दाराची कडी मात्र लावली नाही.