झाकलेल्या चार बाटल्या: अर्जेंटिना, चिली, उरुग्वे

कोल्हापुरात मित्रमंडळी जमवून वाइन झाकून, म्हणजे कुठली ते न कळता चाखायची असेल, तर रस्सा फोडणीला पडायच्या आत चाखणं उरकलं पाहिजे. कांदा-लसूण मसाल्याचा वास घरभर पसरला की ग्लासातले बारीक वास हाती लागत नाहीत. जिभेवर तिखट असताना अल्कोहोल जास्त भाजतं आणि तुरटपणा खरखरीत लागतो. म्हणून भडंगही नंतर. तोवर साधा पाव आणि पाणी. उदबत्ती, अत्तर आणि मोगऱ्याचा गजरासुद्धा त्या तासाभरासाठी दूर ठेवा.

बाटल्या चार पुरे, चारही रेड आणि चार वेगळ्या जातींच्या द्राक्षांच्या: अर्जेंटिनातल्या मेंडोसाची माल्बेक, चिलीची कार्मेनेर, चिलीच्याच मायपो खोऱ्यातली कॅबर्ने सोव्हिन्यॉन आणि उरुग्वेची तानात. किंमत साधारण सारखी असावी, बाटलीवरच्या द्राक्षतोडणीच्या सालात एक-दोन वर्षांहून जास्त फरक नको. ओकच्या पिंपात मुरलेली घ्यायची तर चारही तशाच घ्या. एकच मुरलेली असली की सगळे तिच्यातल्या व्हॅनिलाच्या वासालाच द्राक्षाचा गुण समजतात आणि तुलना तिथेच फसते.

नुसतं वर्तमानपत्र गुंडाळून बाटली लपत नाही. खांद्याचा आकार, फिरकीचं झाकण की बूच, तळाची जड काच, एवढ्यावरून जाणकार ओळखतो. त्यामुळे वाइन एकसारख्या, बिनवासाच्या काचेच्या जगांत ओता. ओतणारा एक, जगांवर आकडे टाकणारा दुसरा. आकडे 1, 2, 3 नकोत, पहिल्या नंबरकडे मन झुकतं. 417, 862, 305 असे तीन अंकी घ्या.

आणि चारपैकी एक वाइन दोन वेगळ्या आकड्यांखाली ठेवा, म्हणजे ग्लास पाच होतील. ही युक्ती कधीच टाळू नका. एकाच वाइनला कुणी एकदा 7 आणि एकदा 4 गुण दिले, तर त्याच्या कागदावरच्या बाकी तीन गुणांच्या फरकांनाही अर्थ उरत नाही. माणशी प्रत्येक ग्लासात 40 मिली, म्हणजे पाच ग्लासांत 200 मिली. सहा जणांना एका वाइनची 240 मिली लागते, दोनदा ठेवलेलीची 480. बाटली 750ची असते, तेव्हा जेवणालाही उरते. थुंकायला स्टीलचा तांब्या जवळ ठेवा. सगळं गिळलं तर शेवटच्या दोन ग्लासांबद्दलचं मत भरवशाचं राहत नाही. दुचाकीवर परतणाऱ्यांनी तर थुंकायचंच.

आपल्याकडे सगळ्यांत जास्त घोळ तापमानाचा होतो. रेड वाइन ‘खोलीच्या तापमानाला’ द्यावी हा नियम थंड देशांतल्या खोल्यांचा आहे. एप्रिलच्या दुपारी 32 अंशांची वाइन नाकात नुसती स्पिरिटसारखी झोंबते आणि चारही एकसारख्याच लागतात. ओतताना 15-16 अंश असावी, ग्लासात ती आपोआप चढते. त्यासाठी बर्फाच्या पाण्यात साधारण पाव तास. स्वयंपाकाचा थर्मामीटर असेल तर उत्तम. फार गार झाली तर मात्र तुरटपणा उगाच वाढतो.

आता ओळखायचं कसं? ग्लास पांढऱ्या कागदावर तिरका धरा. कड झळझळीत जांभळी-गुलाबी असेल तर माल्बेकचा संशय घ्या. फळ भरपूर, तुरटपणा मऊ. ही जात मूळची नैर्ऋत्य फ्रान्सची, पण मेंडोसाच्या उंचावरच्या कडक उन्हात तिची साल जाड होते आणि रंग गडद येतो.

ढोबळी मिरची चिरल्यासारखा वास आला तर कार्मेनेर. चिलीत ही जात अनेक दशकं मेर्लो म्हणून लावली जात होती. 1994 साली जाँ-मिशेल बूर्सिको या फ्रेंच द्राक्षतज्ज्ञाने तिची ओळख पटवली. ती मेर्लोच्या काही आठवडे मागून पिकते. मेर्लो समजून तिच्याबरोबरच तोडली की वास हिरवा राहतो. पूर्ण पिकलेलीत तो मंद होतो, म्हणून मिरची सापडली नाही तरी तिला लगेच वगळू नका. कॅबर्नेतही हा वास येतो, पण तिथे तुरटपणाची पकड घट्ट असते, सोबत ब्लॅककरंट आइस्क्रीमसारखं फळ, आणि मायपोच्या वाइनमध्ये पुष्कळदा निलगिरीची झाक. तानातची खूण हिरड्यांवर: जांभूळ सालीसकट चावून तोंड आवळावं तशी. तिला सगळ्यांत शेवटी ठेवा, नाहीतर पुढच्या वाइन पांचट वाटतील.

ओल्या पुठ्ठ्याचा वास आला तर बूच बिघडलेलं आहे. ती बाटली बाद. बूच वर सरकलेलं आणि चव शिजवलेल्या फळासारखी असेल, तर बाटली कुठेतरी उन्हात तापली. मे महिन्यात गाडीच्या डिकीत हे सहज होतं. दोन्हीसाठी जगात ओतण्याआधी ओतणाऱ्याने घोटभर चाखून बघावं.

सगळ्यांचे गुण कागदावर उतरल्यावरच आकडे फोडा, आणि मग ताटं वाढा. पांढऱ्या रस्स्यातलं नारळाचं दूध आणि मटणाची चरबी तानातला चांगली मऊ करते. तांबड्याबरोबर ती घेऊ नका, तिखट आणि तुरट एकमेकांना चिथावतात. तिथे उरलेली माल्बेक 14 अंशांपर्यंत गार करून घ्या.