तुम्ही विचारलंत म्हणून : अ‍ॅपचं नाव निघालं की मी विषय का बदलतो

प्रश्न आता पाठ झालाय. आर्किटेक्टच्या ऑफिसात चहाला बसलो की निघतो. सॉफ्टवेअर विकायला येणारी मुलं विचारतात, आमच्या पॉलिटेक्निकातले नवे मास्तर विचारतात, आणि हल्ली घरातलाच भाचा विचारतो, जो बंगळुरात बसून बांधकामाच्याच कुठल्यातरी अ‍ॅपचा कोड लिहितो. "मामा, तुम्हा कॉन्ट्रॅक्टर लोकांना डिजिटल व्हायला एवढं जड का जातं?" विचारताना आवाजात अशी माया असते, की जणू मला वाचताच येत नाही. आजवर हसून विषय बदलत आलो. आता लिहूनच टाकतो.

आधी ते 'जड जातं' बघू. मी आरसीसीची कामं घेतो, पुण्यात आणि आसपास. ज्या साइटवर काम शिकलो तिथं लेव्हल पाण्याच्या नळीनं काढायचे. दुर्बिणीची ऑटो लेव्हल आली, घेतली. एका पोडियमला गोलाई आली आणि कॉलमचं लाइनआउट, म्हणजे जागेची आखणी, दोरीनं जमेना, तेव्हा कर्ज काढून सेकंडहँड टोटल स्टेशन हे मोजणीचं यंत्र घेतलं. सळईचं बीबीएस, म्हणजे कुठली सळई किती लागणार त्याचा तक्ता, मी एक्सेलवर करतो. मीटरला वजन किती, तर व्यासाचा वर्ग भागिले 162, हे शीटला एकदा सांगितलं की रात्र वाचते. 2017 च्या जुलैत जीएसटी आला तेव्हा आमच्या लाइनीतले अर्धे लोक सीएच्या दारात रडत होते, मी रिटर्न भरायला शिकलो. आणि व्हॉट्सअ‍ॅप बंद पडलं तर पुण्यात त्या दिवशी एक स्लॅब भरली जाणार नाही, हे मी पैज लावून सांगतो. तेव्हा यंत्राला भिणारा माणूस शोधायचा असेल तर दुसरं दार वाजवा.

नागपूर मेट्रोचं 5डी बिम, म्हणजे वेळ आणि खर्च जोडलेलं बांधकामाचं संगणकी मॉडेल, मला दाखवू नका. ऐकून आहे, चांगलंच असणार. तिथं मालकानंच ते स्वतःच्या कामासाठी आणलं. माझ्यापर्यंत जे येतं ते बिम नसतं. माझ्यापर्यंत येतो एक फॉर्म, जो साइटवरच्या माझ्या सुपरवायझर पोरानं रोज संध्याकाळी सहाच्या आत भरायचा असतो.

फॉर्मच्या बारीकसारीक गमती सोडून देतो. एकच सांगतो. खडीचं चलन येतं ब्रासमध्ये, अ‍ॅप मागतं घनमीटर. एक ब्रास म्हणजे 2.83 घनमीटर. सुपरवायझर घाईत 3 टाकतो. महिन्यानं खडी अ‍ॅपमध्ये जास्त आणि यार्डात कमी, आणि संशय माझ्या माणसांवर. असो, ते शिकवून सुधारतं. सुधारलंही.

जे सुधारलं नाही ते सांगतो.

काही वर्षांपूर्वीचं काम, बिल्डर मोठा, त्याच्या वतीनं साइट बघायला कन्सल्टंट नेमलेला. अ‍ॅप त्यांचं. रोजचा प्रगती अहवाल त्यावरच, कागदी साइट ऑर्डर बुक बंद. त्यात एक रकाना होता : काम थांबलं असल्यास कारण. दाबलं की चार पर्याय उघडायचे. पाऊस. मजूर कमी. साहित्य कमी. इतर. 'इतर' निवडलं तर फोटो जोडायचा, खुलासा लिहायचा, आणि कन्सल्टंटच्या इंजिनिअरनं मंजूर केल्याशिवाय अहवाल पुढे जायचा नाही. अहवाल अडकला की आठवड्याचं बिल अडकतं.

एका मजल्यावर सेंटरिंग झालं, सळई बांधून झाली, कव्हर ब्लॉक लागले, आरएमसीची, म्हणजे तयार काँक्रीटची, गाडी सांगायची तेवढी बाकी. तेवढ्यात निरोप आला, प्लंबिंगवाल्यांनी टॉयलेटच्या सनकची, म्हणजे पाइपांसाठी खाली घेतलेल्या स्लॅबची, खोली बदलली आहे, सुधारित ड्रॉइंग येतंय, भरू नका. निरोप फोनवर. ड्रॉइंग काही येईना. रोज "उद्या". उघड्यावर सळई गंजायला लागली. सळई बांधणाऱ्या फिटरची टोळी दोन-तीन दिवस बसून राहिली, मग म्हणाली, साहेब बसून कोण पगार देणार, आणि हिंजवडीला दुसऱ्या साइटवर गेली. त्यांना बोल लावता येत नाही. मीही तेच केलं असतं.

त्या सगळ्या दिवसांत माझा पोरगा, डिप्लोमा होऊन नुकताच लागलेला, अ‍ॅपवर काय भरत होता? 'ड्रॉइंग आलं नाही' असा पर्यायच नव्हता. 'इतर' भरलं की कन्सल्टंटचा इंजिनिअर ते मंजूर न करता तसंच ठेवायचा. कसं मंजूर करेल? ड्रॉइंग द्यायची जबाबदारी त्याच्याच ऑफिसची. मग पोरानं 'मजूर कमी' दाबायला सुरुवात केली. टोळी गेल्यावर तर ते खरंच झालं होतं. अहवाल सुरळीत जायला लागले. मला वाटलं, चला, गाडी रुळावर आली.

फायनल बिलाच्या बैठकीत त्यांनी प्रोजेक्टर लावला. गोल तक्ता, रंगीत. कामाला उशीर का झाला याचा. सगळ्यात मोठा तुकडा लाल, वर लिहिलेलं 'मजूर कमी'. मी ड्रॉइंगचं सांगायला लागलो. समोरचे गृहस्थ, वयानं माझ्यापेक्षा बरेच लहान, अगदी शांतपणे म्हणाले, "सर, एवढंच सांगा. त्या दिवशी साइटवर मजूर कमी होते, हे खरं की खोटं?"

खरं.

"मग नोंद तुमच्याच माणसाची आहे ना?"

होती. रिटेन्शनचे, म्हणजे बिलातून राखून ठेवलेले, 5 टक्के अडकले, वर उशिराचा दंड. माझ्याकडे माझी डायरी होती. तारीखवार लिहिलेलं, 'सनकचं ड्रॉइंग नाही, फिटर बसून'. तिच्यावर त्यांची सही नव्हती, कारण सही घ्यायची वहीच बंद झाली होती. अ‍ॅपमध्ये अडकून पडलेले 'इतर'चे अहवाल तरी काढून द्या म्हटलं, तर काम हँडओव्हर झालं त्याच आठवड्यात माझं लॉगिन बंद केलेलं. वकिलाकडे गेलो. त्यांनी जालन्याच्या निवडणुकीचा खटला सांगितला. सुप्रीम कोर्टानं 2020 मध्ये त्यात स्पष्ट केलं, की इलेक्ट्रॉनिक नोंदीची प्रत पुरावा म्हणून द्यायची तर तेव्हाच्या पुरावा कायद्यातल्या 65बी कलमाचं प्रमाणपत्र हवं. ते देतो कोण? ज्याच्या ताब्यात ती यंत्रणा आहे तो. म्हणजे ज्यांच्याशी माझं भांडण, त्यांच्याकडेच मी कागद मागायला जायचं. लवादात एवढं काटेकोर नसतं असंही ते म्हणाले. पण वकिलाची फी आणि अडकलेली रक्कम शेजारी-शेजारी मांडली आणि सोडून दिलं.

बिल्डरवर माझा तसा राग नाही, म्हणजे आहे, पण त्याचं गणित मला कळतं. बिल्डरांवर लक्ष ठेवणारं राज्याचं प्राधिकरण, महारेरा, आल्यापासून, म्हणजे 1 मे 2017 पासून, त्याला ताब्याची तारीख जाहीर करावी लागते, दर तिमाहीला पोर्टलवर प्रगती टाकावी लागते. 1 ऑगस्ट 2023 पासून तर जाहिरातीवर क्यूआर कोड आहे, ग्राहक मोबाइल धरतो आणि सगळं बघतो. हे चांगलंच झालं. माझ्या मेहुण्याचा फ्लॅट महारेरा नसता तर अजून खड्ड्यातच असता. पण उशीर असा सगळ्यांना दिसायला लागला की तो कुणाच्या तरी नावावर टाकावा लागतो, आणि उतार नेहमी खालच्याच बाजूला असतो.

आता माझं मला छळणारं. या अ‍ॅपच्या ट्रेनिंगला मी पहिल्या रांगेत बसलो होतो. म्हणालो होतो, बरं झालं, आता तोंडी सांगून फिरणं बंद. तो पहिल्या रांगेतला माणूस अजून माझ्याशी वाद घालतो. म्हणतो, कागदी ऑर्डर बुक होतं तेव्हा तरी किती सह्या मिळायच्या तुला? साहेब वही बघून "ठेव, करतो" म्हणायचे, आणि वही त्यांच्या ड्रॉवरमध्ये महिनाभर. कार्बनची प्रत पावसात भिजून गेलेली आठवते का? आठवते. त्याचं चुकत नाही. फक्त, तेव्हा वही दोघांची होती.

आणि भाच्याला अजून एक सांगायचंय, जे बाकीच्यांना सांगत नाही. माझ्याकडे आता माझं स्वतःचं हजेरीचं अ‍ॅप आहे. चेहरा दाखवायचा, साइटच्या हद्दीत असलं तरच लागते. पूर्वी मुकादम मस्टरला नावं वाढवायचा; किती, ते पहिल्याच महिन्यात कळलं. पैसे वाचले, आणि मी ते काढणार नाही. मुकादम नांदेडकडचा, माझ्याकडे जुना. त्याचं म्हणणं, बेसमेंटला रेंज नसते, तिथं काम करणाऱ्यांची हजेरी पडत नाही, बायकांचा चेहरा पदरामुळं आणि धुळीनं धरत नाही. मी म्हणतो, मग वर येऊन लावा. तो म्हणतो, वर येऊन-जाऊन अर्धा तास जातो, तो कुणाच्या खात्यात? यावर माझ्याकडे उत्तर आहे, पण ते ऐकायला बरं नाही लागत, म्हणून देत नाही.

पुढच्या कामाच्या करारात मी दोन गोष्टी मागितल्या. रोजच्या अहवालाची पीडीएफ माझ्या मेलवर यावी, आणि कारणांच्या यादीत 'ड्रॉइंग प्रलंबित' हा पर्याय असावा. पीडीएफला ते हो म्हणाले. पर्यायाला म्हणाले, यादी मुख्य ऑफिसकडून येते, आम्हाला बदलता येत नाही. मी सही केली. टोळ्या बसून होत्या, काम हवं होतं.

मुकादमही आता दर शनिवारी खर्चीच्या, म्हणजे मजुरांना उचल वाटायच्या, वेळी आठवड्याच्या हजेरीची प्रिंट मागतो. मी सांगतो, प्रिंटर बिघडलाय. बिघडलेला नाही.