मंडालेहून आलेलं एक पत्र

७ जून, रात्र

आज सत्यभामाबाई टिळकांचा स्मृतिदिन. लोकमान्यांच्या या पत्नी १९१२ साली पुण्यात वारल्या तेव्हा ते स्वतः ब्रह्मदेशात मंडालेच्या तुरुंगात होते. बातमी तारेनं गेली. त्यावर भाचे धोंडोपंत विद्वांस यांना त्यांनी लिहिलेलं पत्र आज पुन्हा काढून वाचलं.

हे पत्र कोरडं आहे, असं म्हणणारे भेटतात. मला ते मुळीच पटत नाही. तुरुंगातून जाणारं पत्र आधी अधिकारी वाचणार, म्हणून ही पत्रं इंग्रजीत आहेत. आपण मराठीत वाचतो तो अनुवाद. बायको गेल्याचं दुःख परक्या भाषेत मांडायचं, आणि ज्या सरकारनं डांबून ठेवलं त्याच्याच माणसाच्या नजरेखालून ते घरी धाडायचं! १९०८च्या राजद्रोहाच्या खटल्यात ज्युरीतल्या नऊपैकी सात जणांनी दोषी ठरवलं होतं, न्यायमूर्ती दावरांनी सहा वर्षांची शिक्षा दिली होती. अशा माणसानं त्या कागदावर मन किती मोकळं करावं?

तरीही त्यांनी केलं आहे. एरवी मी संकटं शांतपणे सोसतो, पण या वेळी पुरता हाललो, अशी कबुली सुरुवातीलाच आहे. मग नवऱ्याआधी बायको जाणं आपल्या समजुतीप्रमाणे वाईट नाही, असं ते लिहितात. लोक नेमके इथे थांबतात नि नाराज होतात. पुढचं वाक्य वाचायला हवं: अशा वेळी तिच्याजवळ असता आलं नाही, याचंच सर्वांत जास्त दुःख आहे. आधीचं वाक्य म्हणजे जुन्या वळणाच्या माणसानं स्वतःची घातलेली समजूत, आणि ती पुरी पडत नाही म्हणून लगेच हे दुसरं. दोन्ही एका श्वासात वाचली तरच अर्थ लागतो.

आयुष्याचा एक अध्याय संपला, दुसराही संपायला फार वेळ लागणार नाही, हे वाक्य सगळीकडे उद्धृत होतं. पण त्याच्या अलीकडेच, माझ्या दुःखी विचारांचा तुला आणखी त्रास देत नाही, असंही आहे. ते गाळलं की राहतं नुसतं सुभाषित.

त्यानंतर कामाच्या सूचना. अंत्यविधी यथासांग व्हावेत. अस्थी प्रयागला किंवा काशीला, नाहीतर तिला आवडलं असतं अशा ठिकाणी न्याव्यात. तिच्या शेवटच्या इच्छा अक्षरशः पाळाव्यात. ‘तिला आवडलं असतं अशा ठिकाणी’ हे शब्द मला फार मोलाचे वाटतात. क्षेत्रांची नावं सांगून झाल्यावरही शेवटचा शब्द त्यांनी तिच्या आवडीवर सोडला. शेकडो कोसांवरून, कोठडीतून, नवऱ्याला एवढंच करता येत होतं.

मुलांसाठी म्हणजे रामभाऊ आणि बापूसाठीही निरोप आहे. मी याहून लहान वयात पोरका झालो, तेव्हा त्यांनी यातून स्वावलंबन शिकावं. वाचताना हे कठोर वाटतं खरं. टिळकांची आई १८६६ साली गेली तेव्हा ते दहा वर्षांचे होते, वडील गेले तेव्हा सोळा. धीर देताना त्यांनी उपदेशाआधी आपलं पोरकेपण पुढे केलं.

१९१४च्या जूनमध्ये रात्री पोलिसांनी त्यांना पुण्यात त्यांच्या घरी, गायकवाड वाड्यापाशी आणून सोडलं. सत्यभामाबाईंना जाऊन तेव्हा दोन वर्षं झाली होती.