तुम्ही विचारलंत म्हणून : शनिवारचा कातळ

"बँक, घर, पोरगी, सासूबाई… आणि वर हे क्लाइंबिंग. वेळ कसा काढता हो?" शाखेत, सोसायटीत, नात्यातल्या लग्नांत हा प्रश्न मला ठरलेला. आमच्याच ग्रुपमधल्या पुरुषांना मात्र "सुळका किती उंच होता?" एवढंच विचारतात. असो. विचारलंत, तर नीट सांगते.

पहाटे चारला उठते, असं उत्तर लोकांना हवं असतं. मी उठत नाही. संभाजीनगर ते कन्नड रोजची ये-जा, त्यात जूनपासून पीककर्जाची झुंबड. अशात झोप मोडून केलेला व्यायाम अंगी लागत नाही, उलट बोटं दुखावतात. दंडाचे स्नायू काही आठवड्यांत ताकद धरतात. बोटांतल्या कंडरा (स्नायूंना हाडाशी जोडणाऱ्या दोऱ्या) हाडालगत धरून ठेवणाऱ्या पट्ट्यांना, क्लाइंबर ज्यांना पुली म्हणतात, महिनोन्महिने लागतात. दंडाला जमतंय म्हणून जोर लावला की नेमकी पुली जाते. बोटांचं खातं रिकरिंगचं. एकरकमी भरणा चालत नाही.

म्हणून माझा सराव स्वयंपाकघराच्या दारावर आहे. गल्लीतल्या सुताराकडून सागाची फळी करून घेतली, 20 मिलिमीटरची खाच, कड घासून गोल केलेली, नाहीतर कातडी सोलते. 7 सेकंद लटकायचं, 3 सेकंद सोडायचं, असं सहा वेळा. मग 3 मिनिटं पूर्ण थांबायचं. त्या 3 मिनिटांत भाजी परतून होते, पोरीचं शुद्धलेखन बघून होतं. आठवड्यातून दोनदा, मध्ये किमान दोन दिवस बोटांना सुट्टी. सासूबाई परभणीच्या. "लोंबकळायलीस का अजून? दूध उतू चाललंय!" असं त्या ओरडल्या की मी फळी सोडते. एखादी फेरी बुडाली तर बुडाली.

अडचण फळीची नाहीच. फळी कुणाचं काही घेत नाही. कातळ अख्खा दिवस घेतो, आणि तो दिवस घरातल्या कुणाचा तरी असतो.

इथं बँकेनं हात दिला. 1 सप्टेंबर 2015 पासून दुसरा आणि चौथा शनिवार बँकांना सुट्टी. त्या दिवशी पोरीची सकाळची शाळा, नवऱ्याची वाळूजला शिफ्ट. तो दिवस माझ्याकडं कुणी मागत नाही. दुपारी पोरीला सासूबाई बघतात, तेवढं त्यांचं मी घेते. रविवार सगळेच मागतात, म्हणून रविवारी मी डोंगराचं नाव काढत नाही. माझी जोडीदारीण दुसऱ्या एका बँकेतली आहे, हाही योगायोग नाही. आधी सुट्टी जुळते का ते पाहिलं, मग तिचा बिले, म्हणजे खालून दोर सांभाळणं, कसा आहे ते.

हंगामही जुळला. दिवाळीपासून होळीपर्यंत आमच्याकडचा कातळ हाताला बरा लागतो. मे महिन्यात पारा चाळिशीपार, काळ्या बसाल्टला हात लावणं कठीण, पावसात शेवाळ. मार्चअखेर आणि पीककर्ज या दोन्ही कटकटी त्यामुळं हंगाम संपता संपता किंवा संपल्यावर येतात. हे माझं नियोजन नाही, नशीब आहे. जिची मोठी सुट्टीच मे महिन्यात येते त्या शिक्षिकेला मी काय सल्ला देणार?

अजिंठा-सातमाळ्याच्या रांगांत होल्ड, म्हणजे हातापायांनी धरायचे दगड, हातात निघून येतात. वजन टाकण्याआधी ठोकून बघायचं, पोकळ वाजला की सोडायचा. आग्यामोहोळ दिसलं तर तो कडा त्या दिवशी विसरायचा. दमलेली बाई ठोकायला कंटाळते, म्हणून ज्या आठवड्यात ऑडिट असतं तेव्हा मी लीड घेत नाही, म्हणजे दोर घेऊन पुढं चढत नाही. खालून दोर धरते.

सोमवारी बोटांची सालं निघालेली असतात, हजेरीचं मशीन ठसा घेत नाही. एकदा समोर केवायसीसाठी बसलेल्या मावशींच्या बोटांवर कापूस वेचून बोंडांच्या चिरा पडलेल्या, त्यांचाही ठसा लागेना. माझे हात बघून म्हणाल्या, "तुमी बी येचायला जाता का मॅडम?" मी त्यांच्या बोटांना पाणी लावून पुन्हा टेकवायला सांगितलं. त्यांच्या चिरा मजुरीच्या, माझ्या हौसेच्या. तेव्हापासून माझ्या बाबतीत कुणी 'जिद्द', 'त्याग' म्हटलं की मला कानकोंडं होतं.

मग उदाहरणं येतात. पोलिसातले शेख रफिक 2016 मध्ये एव्हरेस्टवर गेले. प्राध्यापिका मनीषा वाघमारे 2017 मध्ये माथ्याजवळून परतल्या, 2018 मध्ये पोहोचल्या. दोघंही इथलेच, दोघांबद्दल आदर आहे. पण मोहिमेला निघायची आणि परतायची तारीख असते, तेवढ्या रजेचा अर्ज करता येतो. माझ्या ह्या प्रकाराला परतायची तारीख नाही. तो घरात राहायलाच आला आहे, तर त्यानं घरातल्यासारखं राहावं, एवढं मी बघते.

या वर्षी मनमाडजवळच्या हडबीची शेंडी या सुळक्यावर पहिल्यांदा लीड घ्यायचं ठरलं होतं. पोरीची स्कॉलरशिप परीक्षा आहे, आणि गणित तिला माझ्याकडूनच शिकायचं आहे. जानेवारीनंतरचे शनिवार तिला दिले. जोडीदारणीला सांगून टाकलंय, दुसरी कुणी मिळाली तर थांबू नकोस. तिला मिळाली आहे.